तळटीप : धनशक्ती बाजरी
* राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत तयार केलेला, २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला वाण. किलोमागे लोह सुमारे ७१ मिलिग्रॅम. माण-खटाव, आटपाडी-जतच्या कोरडवाहू पट्ट्यात बाजरीची भाकरी नेहमीचीच, तेव्हा लोह तिच्यातूनच देणे शहाणपणाचे. धान्यातल्या, लोह बांधून ठेवणाऱ्या फायटेटमुळे ते अंगी लागत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा : शोषण घटते, पण मुळात लोह जास्त असल्याने पदरात अधिक पडते; अशा बाजरीच्या, महाराष्ट्रातील किशोरवयीनांवरच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोहसाठा वाढलेला दिसला. ‘त्यापेक्षा पालेभाजी खा’ म्हणणाऱ्यांनी टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या गावाने ती कुठून आणायची, तेही सांगावे. शिवाय हा वाण संकरित नव्हे. टपोरी कणसे निवडून घरचे बी धरता येते, मात्र बांधापलीकडे दुसरी बाजरी असली की परागीभवनाने ते भेसळते.