बीमटाइमची कुळकथा

सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल फिरवणारे यंत्र. वळण घेताना इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतात. त्या प्रकाशात प्रयोग करण्यासाठी बाहेरच्या संशोधकाला नेमून दिलेले तास म्हणजे बीमटाइम. आज तो रीतसर अर्ज करून मिळतो. आरंभी मात्र सारा व्यवहार उष्ट्या प्रकाशाचा होता.

हा प्रकाश २४ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेत, स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत प्रथम दिसला. एका तंत्रज्ञाने काँक्रीटच्या भिंतीआडून आरसा धरून पाहिले, तर पारदर्शक नळीत झगझगीत निळसर-पांढरा ठिपका! ऊर्जा कमी केली की तो पिवळा, मग लाल होई. अशी यंत्रे ज्या कणभौतिकीसाठी बांधली जात, तिच्या हिशेबात ही ऊर्जेची निव्वळ नासाडी होती. पण १९५६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात टॉम्बुलियन आणि हार्टमन यांना यंत्राचे काही आठवडे मिळाले, आणि त्यांनी याच प्रकाशाची बारकाईने मोजदाद केली. १९६८ पासून विस्कॉन्सिनमधले टँटलस यंत्र केवळ या प्रकाशासाठी चालू लागले.

या प्रकाशातले क्ष-किरण हवे असणाऱ्यांचे परावलंबन मात्र टळले नाही. स्टॅनफर्डच्या स्पिअर यंत्रावर १९७४ पासून पाहुण्यांना जागा मिळाली, पण यंत्र चालायचे कणभौतिकीच्या तंत्राने. त्याच नोव्हेंबरात तिथे ‘साय’ हा नवा कण सापडला आणि त्याच्या अभ्यासासाठी ऊर्जा खाली आणली गेली. परिणामी क्ष-किरण मंदावले. पाहुणे हात चोळत बसले. अशा संशोधनाला ‘परजीवी’ म्हणत, आणि ते नाव चुकीचे नव्हते. इंग्लंडमधील डेअर्सबरीचे यंत्र खास क्ष-किरणांच्या वापरकर्त्यांसाठी बांधले गेले. १९८१ मध्ये तिथे त्यांचे प्रयोग सुरू झाले. भारतात इंदूरला इंडस-१ १९९९ मध्ये, तर २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इंडस-२ २००५ मध्ये कार्यान्वित झाले.

आता रीत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. प्रस्ताव तज्ज्ञ समिती तपासते, वेळ सहसा आठ तासांच्या शिफ्टमध्ये मिळतो. नमुना बसवून झाला की खोलीत कुणी राहिलेले नाही याची खात्री करून शिशाचे दार लावले जाते. दार नीट लागल्याशिवाय किरण आत सोडताच येत नाहीत. सोबतीला बीमलाइनचा, म्हणजे प्रकाश प्रयोगापर्यंत आणणाऱ्या मार्गाचा, शास्त्रज्ञ असतो. त्याने केवळ यंत्र चालवून दिले की मोजणीची पद्धतही आखली, यावरून शोधनिबंधात आभार मानायचे की सहलेखक करायचे, हे ठरते. निष्कर्ष प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकाला बीमटाइम बहुधा विनामूल्य असतो. ते गुप्त ठेवू पाहणाऱ्या कंपनीला तासांचे पैसे मोजावे लागतात.