तळ्यावरचे पाहुणे आणि आपली वही



दिवाळी सरते, थंडी पडायला लागते आणि आपल्या तळ्यावर, पाझर तलावावर, धरणाच्या फुगवट्यावर नवे पाहुणे दिसू लागतात. ओढ्याच्या कडेला शेपटी वरखाली आपटत धोबी फिरतो. मोकळ्या पाण्यावर बदकांचे थवे उतरतात. होळी झाली, ऊन तापलं की बहुतेक सगळे निघून जातात. आपल्या आज्या-पणज्यांनी हे वर्षानुवर्षं पाहिलं. धुणं धुताना पाहिलं, जनावरं पाण्यावर नेताना पाहिलं. पण त्यांनी पाहिलेलं कुठंच लिहिलेलं नाही. मग या पाहुण्यांची नोंद केली तरी कुणी? कशासाठी केली? आणि त्या नोंदीनं काय घडलं? आज तोच इतिहास सांगायचा आहे.

पाणपक्ष्यांच्या जुन्या आकड्यांपैकी बरेच आकडे मारलेल्या पक्ष्यांचे आहेत. राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचं मोठं पाणथळ आहे. तिथं संस्थानच्या काळात व्हाइसरॉय, राजेरजवाडे, साहेबलोक बदकांच्या शिकारीला यायचे. कुठल्या तारखेला किती पक्षी मारले, ते तिथं दगडावर कोरून ठेवलं आहे. 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत 4,273 पक्षी मारले गेले. कारण पराक्रमाचं मानलं, म्हणून नोंद राहिली. पुढं त्याच जागेचं अभयारण्य झालं, मग राष्ट्रीय उद्यान झालं. आज तिथं बंदूक चालत नाही.

नोंदीचा दुसरा प्रवाह आपल्या मुंबईत सुरू झाला. 1883 साली आठ माणसांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही निसर्गाचा अभ्यास करणारी संस्था काढली. आठांमध्ये दोन मराठी डॉक्टर होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. बालपणी झालेल्या लग्नाच्या विरोधात कोर्टात ठामपणे उभ्या राहिलेल्या आणि पुढं डॉक्टर झालेल्या रखमाबाई आपल्याला माहीत आहेत. डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांचे सावत्र वडील. म्हणजे बाईच्या हक्काची बाजू घेणारं घर आणि झाडापाखरांचा अभ्यास करणारं घर हे एकच होतं.

याच संस्थेच्या दारात एक दिवस दहा-बारा वर्षांचा मुलगा मेलेली चिमणी घेऊन आला. छऱ्याच्या बंदुकीनं त्यानंच ती मारली होती. गळ्यावर पिवळा डाग असलेली ही चिमणी कोणती, ते त्याला विचारायचं होतं. हा मुलगा म्हणजे सलीम अली. जन्म 12 नोव्हेंबर 1896. भरतपूरला ती मोठी शिकार झाली, त्या दिवशी त्यांचा बेचाळिसावा वाढदिवस होता. पुढं भरतपूरचं पाणथळ वाचवण्यासाठी झटलेल्यांत त्यांचंच नाव पहिलं घ्यावं लागतं.

सलीम अलींचं एक काम आपल्या कोकणातलं आहे. अलिबागजवळ किहीमला त्यांनी 1930 च्या सुमारास सुगरण पक्ष्याच्या घरट्यांवर दिवसेंदिवस नजर ठेवली आणि दिसेल ते लिहून काढलं. त्यातून कळलं की घरटं विणतो तो नर. अर्धवट विणून झालं की माद्या येऊन पाहतात, पसंत पडलं तर राहतात. नराला एका घरट्यावर एक मादी मिळाली की तो दुसरं विणायला घेतो. ज्याला आपण सुगरण म्हणतो तो खरा सुगरणदादा! गावोगावी लोक ही घरटी रोज पाहत होते. पण रोज पाहून रोज लिहिलं, तेव्हा कोडं सुटलं. त्यांच्या पत्नी तेहमिना त्यांच्याबरोबर रानावनातल्या पाहण्यांना जायच्या. त्यांच्या लिखाणाची भाषा सुधारण्यातही तेहमिनांचा हात होता. 1939 साली त्या गेल्या. 1941 साली सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं.

आता मुख्य प्रश्न. हे हिवाळी पाहुणे येतात कुठून? उत्तर मिळालं ते पायातल्या कड्यामुळं. पक्षी जाळ्यात धरायचा, पायात हलकं धातूचं कडं घालायचं, कड्यावर नंबर आणि संस्थेचं नाव, आणि पक्षी सोडून द्यायचा. दुसरीकडं कुणाला तो सापडला की त्यानं कळवायचं. भारतात या कामाची सुरुवात 1926-27 च्या सुमारास धारच्या महाराजांनी केली. धारचे पवार हे आपलंच मराठा घराणं. पुढं 1959 पासून हे काम मोठ्या प्रमाणावर झालं, त्याला निमित्त एका तापाचं होतं. कर्नाटकातल्या शिमोगा भागात 1957 साली माणसं आणि माकडं एका नव्या तापानं मरू लागली. आपल्या सिंधुदुर्गातल्या बायांना हा आजार ठाऊक आहे, त्याला तिकडं माकडताप म्हणतात. तो गोचिडीतून पसरतो. या गोचिडी रशियाकडून येणाऱ्या पक्ष्यांबरोबर तर आल्या नाहीत ना, असा संशय घेतला गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं पैसा दिला आणि हजारो पक्ष्यांना कडी घातली गेली. पक्ष्यांवरचा तो संशय काही खरा ठरला नाही. पण आपल्याकडची बदकं सायबेरियात आणि मध्य आशियात सापडली, आणि त्यांच्या वाटा कळल्या. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तर तिबेट, मंगोलियातल्या तळ्यांवर पिल्लं वाढवतो आणि हिमालय ओलांडून आपल्या हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात चरायला येतो.

या सगळ्या इतिहासात बाया कुठं होत्या, असं तुम्ही विचाराल. थोड्या होत्या, पण होत्या. जमाल आरा यांचं नाव लक्षात ठेवा. बिहारमधल्या बाढ इथं 1923 साली जन्म, शिक्षण दहावीपर्यंत. आजच्या झारखंडात, रांचीच्या बाजूला राहून त्यांनी छोटा नागपूरच्या रानातले आणि पाण्यावरचे पक्षी पाहिले, वहीत टिपून ठेवले. त्या टिपणांतून लेख झाले आणि मुंबईच्या संस्थेच्या नियतकालिकातही छापून आले. 1970 साली नॅशनल बुक ट्रस्टनं त्यांचं मुलांसाठीचं पक्ष्यांवरचं पुस्तक काढलं. पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. वही मात्र होती. दिल्लीच्या उषा गांगुली यांनीही अशीच वर्षानुवर्षं टिपणं ठेवली. त्यांचं दिल्ली परिसरातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1975 साली निघालं.

1987 पासून आपल्याकडं दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. आशियातल्या अनेक देशांत ती त्याच दिवसांत होते. शिक्षक, विद्यार्थी, वनखात्याचे लोक, हौशी माणसं आपापल्या तळ्यावर जातात आणि मोजतात. मोजून काय होतं, ते नाशिक जिल्ह्यात बघा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात, तिथं इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणवनस्पती वाढल्या, पक्षी उतरू लागले. हेच नांदूरमध्यमेश्वर. त्याला लोक महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. 1986 साली अभयारण्य झालं. पाणथळ जागा राखण्यासाठी 1971 साली इराणमधल्या रामसर गावी एक जागतिक करार झाला. त्या यादीत महाराष्ट्रातून पहिलं नाव लागलं ते नांदूरमध्यमेश्वरचं, 2020 च्या जानेवारीत ते जाहीर झालं. या यादीत बसण्याच्या कसोट्यांपैकी एक अशी आहे: त्या जागी नेहमी वीस हजार किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असायला हवेत. आता हे वीस हजार कुणीतरी मोजून लिहिल्याशिवाय कळणार कसे?

आकडा वाचायचा कसा, तेही समजून घेऊ. उजनी धरण 1980 साली पुरं झालं. भीमेकाठची गावं, मळे, देवळं पाण्याखाली गेली. ते दुःख अजून त्या घरांतून बोललं जातं. त्याच पाण्याच्या उथळ काठांवर, भिगवण-कुंभारगावकडं, रोहित पक्षी येऊ लागले. काही मच्छीमार कुटुंबं आता पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात, घरी जेवणाची सोय करतात. रोहिताला चालायला उथळ चिखल लागतो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर तो उशिरा येतो. चांगल्या पावसाच्या वर्षी बदकं लहान-लहान तळ्यांवर पांगतात, दुष्काळात मोठ्या जलाशयावर गर्दी करतात. म्हणून एका वर्षीचा आकडा घटला की लगेच पक्षी संपले असं होत नाही. दहा वर्षांची वही असेल तरच खरं काय ते कळतं. आणि पक्ष्यांबरोबर पाण्याचीही हकिगत त्या वहीत येते. जलपर्णी कधी पसरली, पाण्याला वास कधी यायला लागला, जाळ्यात गावठी मासा कमी होऊन चिलापी कधी वाढली, काठ कुणी बुजवला. हे आपल्या पोटापाण्याचे प्रश्न आहेत.

इथं कायद्यानं एक दार उघडलेलं आहे. जैवविविधता कायदा 2002 सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातल्या झाडं, प्राणी, पक्ष्यांची लोक जैवविविधता नोंदवही तयार व्हायला हवी. 2004 च्या केंद्रीय नियमांनी समितीच्या सदस्यांत एक तृतीयांश बाया ठेवल्या. अनेक गावांत ही वही कुणीतरी बाहेरचा येऊन भरून गेलेला असतो, नाहीतर ती कपाटात पडलेली असते. ग्रामसभेत विचारा: आपल्या गावची नोंदवही कुठं आहे? तिच्यात आपलं तळं आहे का? उद्या तळ्यात भराव पडायला लागला, तर "पूर्वी इथं खूप पाखरं यायची" हे म्हणणं हवेत जातं. तारीख-वार लिहिलेली वही पुढं ठेवली, तर तिला उत्तर द्यावं लागतं.

वही ठेवणं अवघड नाही. तारीख, वेळ, तळ्याचं नाव, पाणी किती, कोणता पक्षी, किती, कुणी पाहिला, एवढं पुरे. नाव आपल्या बोलीतलं लिहा. ओळख पटली नाही तर रंग, चोच, पाय, आकार लिहा, ओढूनताणून नाव देऊ नका. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरा, आणि तशा किती जागा होतात ते बघा. सूर्य पाठीशी ठेवून सकाळी मोजा. थवा उडेल इतकं जवळ जाऊ नका, घरट्याला हात लावू नका. कासव, दिवड, मुंगूस दिसलं तर तेही लिहा. दर महिन्याला एकाच ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जा. गटाच्या बैठकीच्या दिवशी गेलात तर लक्षातही राहील.

आता शेवटचं. पाणपक्ष्यांची गणना जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे ऐन संक्रांतीत. आपली हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात. आपल्या तळ्यावर बारा महिने राहणारं एक बदक आहे. चोचीचं टोक पिवळं, आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. मराठीत त्याचं नावच हळदीकुंकू बदक. हे नाव ठेवणाऱ्यानं चोच नीट पाहिली होती, आणि हळदीकुंकूही. यंदा वाण लुटताना एक वही आणि एक पेन्सिल लुटा. पहिल्या पानावर आपल्या तळ्याचं नाव लिहा, त्याखाली तारीख घाला, आणि पहिली नोंद या हळदीकुंकू बदकाची करा. किती दिसली, ते पुढच्या वेळी आपल्या रेडिओवर येऊन सांगा.