विसंगतीची राजवट : कुंदन शहा यांच्या विनोदाची भूमिका

विनोदाच्या मीमांसेत विसंगती ही संकल्पना मध्यवर्ती राहिली आहे. ‘नाट्यशास्त्रा’त विकृत वेष, विकृत आचार हे हास्याचे विभाव ठरतात, बर्गसाँ हास्याकडे समाजाने विचलित व्यक्तीला दिलेला दंड म्हणून पाहतो. दोन्ही विचारांत एक गृहीत समान आहे. सुसंगत अशी एक व्यवस्था असते आणि तिच्या पार्श्वभूमीवर विसंगती उठून दिसते. व्यवस्थाच विसंगत असेल तर हास्याने कोणाला दंड करावा, हा प्रश्न कुंदन शहा (१९४७–२०१७) यांच्या ‘जाने भी दो यारों’ (१९८३) या चित्रपटाने उपस्थित केला.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शनाचे शिक्षण घेतलेल्या शहा यांनी हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अर्थसाहाय्यावर, सुमारे सात लाख रुपयांत केला. समांतर चित्रपटाने तोवर वास्तववादी गांभीर्य हेच राजकीय आशयाचे स्वाभाविक रूप मानले होते. शहा यांनी तोच आशय प्रहसनात आणला. त्याला समकालीन संदर्भ होता. सिमेंटवाटपाशी जोडल्या गेलेल्या देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला होता. चित्रपटातील बिल्डर, आयुक्त आणि कोसळणारा पूल हे मुंबईच्या प्रेक्षकाला कपोलकल्पित वाटण्याचे कारण नव्हते. विशेष म्हणजे भक्ती बर्वे यांनी साकारलेली ‘खबरदार’ची संपादिकाही या व्यवहाराच्या बाहेर उरत नाही. विनोद आणि सुधीर हे दोन प्रामाणिक छायाचित्रकारच येथे ‘विचलित’ ठरतात, आणि हसू येते ते त्यांच्या प्रामाणिकपणाचे.

महाभारताच्या नाट्यप्रयोगाचा प्रवेश या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आयुक्ताचे प्रेत द्रौपदीच्या वेषात रंगमंचावर येते. ज्याला त्याला ते हवे असते, कारण ते पुरावा आहे. वस्त्रहरणाला कौरवांकडूनच विरोध होतो, मुघल दरबाराची पात्रे मध्येच घुसतात आणि आंधळा धृतराष्ट्र काय चालले आहे असे विचारत राहतो. पुराणकथेचे विडंबन तमाशाच्या गण-गौळणीलाही परके नाही. परंतु तेथे मावशीच्या थट्टेनंतर कृष्णाचे देवपण अबाधित राहते. शहा यांच्या प्रवेशात परत येण्यासाठी धर्मसभाच शिल्लक नाही.

म्हणूनच शेवट सुखान्त होत नाही. पूल कोसळल्याचा आळ दोघा निरपराधांवर येतो. उज्ज्वल उद्याची ग्वाही देणारे समूहगीत ऐकू येत असता कैद्यांच्या कपड्यांतले ते दोघे प्रेक्षकाकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात. दोन तास हसलेल्या प्रेक्षकाला तेथे आपल्या हसण्याचा हिशेब द्यावा लागतो.

या चित्रपटासाठी शहा यांना दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नंतरच्या काळात दूरदर्शनवरील पुनःप्रक्षेपणांनी आणि २०१२ मधील पुनःप्रदर्शनाने त्याला ‘निखळ करमणुकी’ची प्रतिष्ठा दिली. या प्रतिष्ठेने त्याची धार बोथट केली, असे म्हणावे लागते. ती धार दिग्दर्शकानेच पुन्हा दाखवून दिली. जून २०१५ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी नव्या अध्यक्षांच्या नियुक्तीविरुद्ध संप पुकारला. हे अध्यक्ष दूरचित्रवाणीवरील ‘महाभारता’तील युधिष्ठिर म्हणून ओळखले जात. नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांना पाठिंबा देत आणि वाढत्या असहिष्णुतेचा निषेध करीत शहा यांनी तो पुरस्कार परत केला. असा चित्रपट आता काढता येणार नाही, असेही ते म्हणाले.

या विधानात गतकाळाविषयीची हळहळ शोधणे चुकीचे ठरेल. १९८३ मध्ये सरकारी महामंडळाच्या पैशातून सरकारी भ्रष्टाचारावर हसता आले, एवढी विसंगती त्या व्यवस्थेने स्वतःत सामावून घेतली होती. ती सोसण्याची तयारी संपते, तेव्हा विनोदाला लागणारी ती जागाही संपते. शहा यांच्या दृष्टीने विनोद हा संतापाचाच एक प्रकार होता. समीक्षेने त्याला करमणुकीच्या खात्यातून काढून राजकीय विचाराच्या खात्यात नोंदवणे म्हणूनच अगत्याचे आहे.