थंडरबोल्ट अँड लाइटफूट : दरोड्याच्या सिनेमातली दोस्ती

‘थंडरबोल्ट अँड लाइटफूट’ (१९७४) हा दिग्दर्शक मायकल चिमिनो यांचा पहिला सिनेमा. मुरलेला दरोडेखोर थंडरबोल्ट (क्लिंट ईस्टवुड) आणि बिनधास्त पोरगा लाइटफूट (जेफ ब्रिजेस) अमेरिकेतल्या मोंटानात गाडीतून भटकतात. थंडरबोल्टचे जुने साथीदार त्यांना गाठतात आणि चौघं मिळून तोफेनं तिजोरीची भिंत फोडतात. पण लक्षात राहते ती दोघांची मैत्री. ईस्टवुड मोजकंच बोलतात आणि ब्रिजेसना मोकळं मैदान देतात. जॉर्ज केनेडींचा रेड हसवता हसवता धडकी भरवतो. त्याच्या मारहाणीनंतर लाइटफूटचं शरीर हळूहळू साथ सोडतं, तेव्हा ब्रिजेसचं तेच खोडकर हसू बघवत नाही. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं.