रद्दीतला फॉक्सप्रो

आमच्या घरात पुस्तकांचे दोनच प्रकार. सौ.ने रद्दीत घातलेली आणि घालायची राहिलेली. माझे फॉक्सप्रोचे जाडजूड पुस्तक वीस वर्षे दुसऱ्या प्रकारात तग धरून होते. बी. कॉम. झाल्यावर चिंचवडच्या क्लासात मी ते शिकलो, तेव्हा वाटले होते, आता जग आपलेच!

पण या भाषेचे नशीब आम्हा कारकुनांसारखेच निघाले. 1989 साली फॉक्स सॉफ्टवेअरने ती काढली, 1992 साली अख्खी कंपनीच मायक्रोसॉफ्टने घेतली. 2007 साली ‘पुढची आवृत्ती निघणार नाही’ असे जाहीर झाले आणि 2015 साली उरलीसुरली मदतही थांबली. थोडक्यात, सक्तीची निवृत्ती, पेन्शन नाही.

पण कंपनीने सोडले म्हणून कारखान्याने थोडेच सोडायचे? परवा भोसरीचे एक कारखानदार काउंटरवर आले. तीस कामगारांचा पगार अजून फॉक्सप्रोवर निघतो. प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ वारले, आणि आता ओव्हरटाइमचा हिशेब जुळेना. “साहेब, याचं पुस्तक कुठं मिळेल हो?”

संध्याकाळी ऐटीत घरी गेलो, तर फळी रिकामी! तसाच रद्दीवाल्याकडे धावलो.

“घरची रद्दी परत नेणारे तुम्ही पहिलेच,” म्हणत त्याने ते तराजूत टाकले आणि दुप्पट भाव लावला.

सात तारखेला तीसही पगार जमा झाले. आता ते पुस्तक आमच्याकडे पंचांगाशेजारी असते. सौ. पंचांग दरवर्षी बदलते; त्याला मात्र हात लावत नाही.