दीड बॅरलचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा एक कागद घेऊन घरी आला. पुण्यात छोटी ब्रुअरी काढायचा त्याचा विचार पक्का झाला होता. कागदावर दोनशे लिटरची तीन भांडी, चार टाक्या आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा काढलेल्या होत्या. म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही जन्मभर पंपच बसवलेत. यात कोणता पंप घालू, तेवढं सांगा.’’

आमचे घर माळकरी. बिअरशी माझा संबंध बाटलीवरची चिठ्ठी वाचण्यापुरताही नव्हता. पण नोकरीची बत्तीस वर्षे दक्षिण महाराष्ट्रातल्या दूधसंघांत पंप, टाक्या आणि स्टीलचे पाइप बसवण्यात गेली असल्याने ‘मला त्यातले कळत नाही’ असेही म्हणवेना. त्याला उत्तर द्यायचे म्हणून वाचायला बसलो आणि एका लहानशा, पण फार बोलक्या इतिहासात शिरलो. छोट्या ब्रुअरीचा हा इतिहास बराचसा पंपाचा आणि दुधाच्या भंगाराचा आहे.

आधी कृती थोडक्यात सांगतो. मोड आणून वाळवलेले सातू भरडून गरम पाण्यात भिजवायचे. त्यांतली साखर पाण्यात उतरली की चोथा मागे ठेवून गोड काढा दुसऱ्या भांड्यात घ्यायचा, हॉप्सची फुले घालून तो तासभर उकळायचा, झटपट गार करायचा आणि यीस्ट घालून आंबवायला ठेवायचा. म्हणजे एकच द्रव पदार्थ एका भांड्यातून दुसऱ्यात तीनचार वेळा जातो. कधी उकळता, कधी गार. तो हलवायचा कसा, हा या धंद्यातला जुना प्रश्न आहे.

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये हे काम माणसे आणि घोडे करीत. 1785 साली व्हिटब्रेडच्या ब्रुअरीने बोल्टन आणि वॉट यांचे वाफेचे इंजिन बसवले. सातू भरडणे आणि पंप चालवणे ही घोड्यांची कामे त्याने अंगावर घेतली. 1787 साली राजा तिसरा जॉर्ज ते पाहायला आला होता. शंभर वर्षे चाललेले ते इंजिन आज सिडनीच्या संग्रहालयात आहे. हाताशी अशी शक्ती आल्यावर ब्रुअऱ्या मोठ्या होत गेल्या, आणि पुढे मनोऱ्यासारख्या उभ्या इमारती आल्या. पाणी आणि धान्य एकदाच वरच्या मजल्यावर चढवायचे, मग प्रत्येक टप्प्याला द्रव आपल्या वजनाने खाली उतरतो. ऑक्सफर्डशायरमधल्या हुक नॉर्टनला 1900च्या सुमाराची अशी ब्रुअरी अजून उभी आहे. खालचे वाफेचे इंजिन वरच्या टाकीत पाणी चढवी. बाकीचे काम गुरुत्वाकर्षणाचे.

विसाव्या शतकात हा धंदा मोजक्या कंपन्यांच्या हाती गेला. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. त्यानंतर उरलेल्या ब्रुअऱ्याही एकमेकींत विलीन होत गेल्या आणि 1970च्या दशकाअखेर देशभरात शंभरही राहिल्या नाहीत. जे कारखाने होते ते अजस्र होते. त्यांना यंत्रे पुरवणाऱ्यांकडे शेदोनशे लिटरची सामग्री मागणे म्हणजे साखर कारखाना उभारणाऱ्याकडे गुऱ्हाळाची काहील मागण्यासारखे होते.

अशा वेळी जॅक मॅकऑलिफ नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या सोनोमा गावाजवळ 1976 साली ‘न्यू अल्बियन’ ही ब्रुअरी काढली. स्कॉटलंडच्या होली लॉकमध्ये अमेरिकी नौदलाच्या तळावर तो पाणबुड्यांच्या यंत्रणेची दुरुस्ती करी. तिथल्या बिअरची चव त्याच्या जिभेवर राहिली होती. सूझी स्टर्न आणि जेन झिमरमन या त्याच्या भागीदार. बाजारात यंत्रे नव्हतीच. मग डेअऱ्यांतून निघालेले जुने सामान, सरबताच्या पाकाची स्टीलची पिंपे, असे जे मिळेल ते आणून त्याने स्वतः जोडले. मांडणी उतरंडीची होती : पाणी उंचावर, खाली भिजवण, त्याखाली उकळण. हुक नॉर्टनचा मनोराच त्याने एका पत्र्याच्या गोदामात बसवला म्हणायचा.

डेअरीचेच सामान का, हे मला कोणी समजवायची गरज नव्हती. दूध आणि बिअर यांची दुखणी एकच. कोपऱ्यात थेंब अडला की जंतू वाढतात आणि सगळा माल नासतो. म्हणून दुधाच्या पाइपला आतून आटे नसतात. गुळगुळीत तोंडे, मधे रबरी कडे आणि बाहेरून कडी, की हाताने उघडून धुता येते. दुधाचा पंपही असाच, चार कळा फिरवल्या की पोट उघडते. छोट्या डेअऱ्या बंद पडून मोठ्या होत चालल्या होत्या, त्यामुळे हे उत्तम स्टील भंगाराच्या भावाने मिळे. एका धंद्यातले लहान संपले, त्यांच्या अवशेषांवर दुसऱ्या धंद्यातले लहान उभे राहिले.

ब्रिटनमध्येही असेच घडले. तिथल्या पबांच्या तळघरांत बिअर साठवायच्या ‘ग्रंडी’ टाक्या असत, सुमारे आठशे लिटरच्या. त्या निकामी ठरल्यावर जहाजाने अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या कितीतरी नव्या ब्रुअऱ्यांच्या पहिल्या टाक्या झाल्या. हॅम्पशायरमध्ये 1978 साली ‘रिंगवुड’ सुरू करणाऱ्या पीटर ऑस्टिनने पुढे शंभराहून अधिक छोट्या ब्रुअऱ्या उभ्या करून दिल्या, त्याही साध्या, स्वस्त सामग्रीवर.

न्यू अल्बियनचे मात्र काय झाले? एका वेळी दीड बॅरल बिअर निघे. अमेरिकी बॅरल 117 लिटरचे, म्हणजे सुमारे 176 लिटर. बिअरचे कौतुक झाले, दुरून लोक पाहायला आले, आणि 1982 साली ती बंद पडली. वाढण्यासाठी लागणारे भांडवल मिळाले नाही. पण मूळ दुखणे मला आकड्यात दिसते. भिजवायला, गाळायला, उकळायला, गार करायला आणि सगळे धुवायला एक अख्खा दिवस जातो. तो दिवस दीड बॅरलसाठी जेवढा, जवळजवळ तेवढाच दहा बॅरलसाठी. मजूर तेच, धुणे तेच, भाडे तेच.

हे नेमके ओळखले केन ग्रॉसमनने. सायकल दुरुस्तीपासून सुरुवात केलेला हा तरुण न्यू अल्बियन पाहून आला आणि पॉल कमूसीच्या साथीने चिको गावात ‘सिएरा नेव्हाडा’ची जुळणी करताना त्याने भांडी दहा बॅरलची घेतली. सामान डेअरीचेच, वेल्डिंगही बरेचसे स्वतःचे. 1980च्या नोव्हेंबरात पहिला घाणा निघाला. ती कंपनी आज अमेरिकेतल्या मोठ्या ब्रुअऱ्यांत मोजली जाते.

दीड बॅरलचे भांडे मचाणावर चढते. दहा बॅरल म्हणजे नुसता द्रव अकराशे किलोंच्या वर. तो छपराखाली उतरंडीने मांडायचा तर इमारतच वेगळी हवी. तेव्हा भांडी जमिनीवर येतात आणि पंप लागतोच.

पंपाबद्दल स्वतःची एक चूक सांगतो. उमेदवारीत असताना एका डेअरीत धुण्याचे पाणी जोरात येते म्हणून मी ओढीच्या बाजूचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला. पाणी ऐंशी अंशांच्या वर तापलेले. पंपात गोटे खडखडावेत तसा आवाज सुरू झाला. ओढीकडचा दाब उतरला की तापलेले पाणी तिथल्या तिथे उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पंखा त्यांना पुढे ढकलतो तसे ते फुटतात. महिनाभराने पंप उघडला तेव्हा पंख्याला देवीचे व्रण पडले होते. बिअरचा काढा तर उकळताच उचलायचा असतो. म्हणून पंप भांड्याच्या बराच खाली, ओढीचा पाइप आखूड आणि जाड, आणि प्रवाह आवरायचा तो नेहमी पुढच्या व्हॉल्व्हने. चोथ्यातून काढा ओढतानाही घाई नको. जोर केला की चोथा चिखलासारखा बसतो आणि काम थांबते. छोट्या ब्रुअरीत आता चुंबकाने फिरणारे पंप वापरतात. त्यांत मोटरचा दांडा द्रवापर्यंत जातच नाही, त्यामुळे गळणारे सीलच नसते.

न्यू अल्बियनची भांडी वाया गेली नाहीत. 1983 साली हॉपलंड गावात सुरू झालेल्या ‘मेंडोसिनो’ ब्रुअरीने ती घेतली आणि 1997 साली त्या कंपनीचा ताबा बंगळुरूच्या युनायटेड ब्रुअरीज समूहाकडे आला. आपल्या पुण्यात 2009 साली ‘डूलॅली’ ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. हे नाव म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचा गोऱ्या शिपायांनी केलेला उच्चार. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहता पाहता भ्रमिष्ट झालेल्याला ते ‘डूलॅली’ म्हणत.

भाच्याला मी सगळे सांगितले. म्हटले, ‘‘पंप मी सांगतो, पण आधी भांडी बदल. दोनशे लिटरला पंप लागणार नाही. पण त्यावर तुझं घरही चालणार नाही.’’ तो थोडा रागावला. हजार लिटरचे कर्ज त्याला पेलणारे नव्हते, हे मलाही दिसत होते. लहानपणाची चूक भांडवल नसल्यामुळेच होते. मॅकऑलिफला काय ते कळत नव्हते?

आठ दिवसांनी तो दुसरा कागद घेऊन आला. त्यावर पाचशे लिटर लिहिले होते, आणि खाली बंद पडलेल्या एका दूध संकलन केंद्राचा पत्ता. तिथल्या टाक्या विकायला होत्या. केंद्राचे नाव वाचले आणि हसू आले. तिथला पंप मीच बसवला होता.