दिनविशेष : १८ मार्च १९६३ – पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

फ्लोरिडातल्या पनामा सिटीत १९६१ साली एका पूल रूममध्ये चोरी झाली. यंत्रांतली चिल्लर आणि थोडी दारू, इतकाच ऐवज. पकडला गेला क्लॅरेन्स अर्ल गिडियन. खिशात दमडी नाही, म्हणून त्याने कोर्टाकडे वकील मागितला. न्यायाधीशांनी राज्याचा कायदा दाखवला : देहदंडाचा गुन्हा असेल तरच सरकारी खर्चाने वकील. बिचाऱ्याने स्वतःच खटला लढवला, पाच वर्षांची शिक्षा झाली. मग तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलीने अर्ज खरडून त्याने अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय गाठले. आजच्या दिवशी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने कौल दिला. फेरखटल्यात वकील मिळाला आणि ऑगस्टमध्ये गिडियन निर्दोष सुटला.

फ्लोरिडाच्या विधिमंडळाने तत्परता दाखवली. त्याच वर्षी कायदा करून राज्यभर पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने बचाव करणारे वकील, नेमले. पण खरी मेख पैशांत होती. निकालाने गरीब आरोपीला वकिलाचा हक्क दिला, तिजोरी कोणाची हे मात्र सांगितले नाही. अनेक राज्यांनी खर्च काउंटींच्या गळ्यात मारला. पेनसिल्व्हेनियाने तर राज्याच्या अंदाजपत्रकातून यासाठी पहिली तरतूद केली ती २०२३ साली, ७५ लाख डॉलरची.